सायकल पाहावी घेऊन

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे सांगून ठेवणाऱ्या आपल्या वाडवडिलांवर लांबच्या प्रवासासाठी सायकल विकत घेण्याचा प्रसंग आला नव्हता. आला असता तर म्हणीत तिसरे कलम खात्रीने पडले असते.

वाचकांना कदाचित आठवत असेल. गेल्या उन्हाळ्यात याच सदरात कोकणातल्या खानावळींविषयी लिहिताना मी ओघात सांगून गेलो की, २०२५ च्या जानेवारीत मी आणि माझी मुलगी पुण्याहून पणजीपर्यंत सागरी रस्त्याने सायकलींवरून गेलो. खानावळींविषयी मी जिवाचे रान करून लिहिले होते, पण त्याबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही. पत्रे आली ती सगळी त्या एका वाक्यावर. "सायकल कोणती घेतलीत?" "किती गिअरची?" "माझे वय बावन्न, गुडघे अजून बरे आहेत, जमेल का?" एका भगिनींनी तर लिहिले, "आमचे हे सध्या एक सायकल घेण्याच्या बेतात आहेत. तिची किंमत ऐकल्यापासून मला झोप नाही. तुमचे मत छापा, म्हणजे मला ते ह्यांच्यापुढे ठेवता येईल."

या सगळ्यांना निरनिराळी उत्तरे धाडण्यापेक्षा, दिवाळी अंकात संपादकांनी जागा ऐसपैस दिली आहे तिचा फायदा घेऊन, सारी हकीकत एकदाच सांगून टाकतो. हकीकतीत माझी फजितीही आहे. पण ती वगळली तर सांगण्यासारखे फारसे काही उरत नाही.

या साऱ्याचे मूळ म्हणजे आमची कन्या. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना एके दिवशी जेवताना तिने जाहीर केले की, ती आणि तिच्या दोन मैत्रिणी सायकलने गोव्याला जाणार. हिने आमटीचा डाव तसाच हातात धरून विचारले, "बरोबर कोण?" "आम्ही तिघी." "म्हणजे कोणीच नाही," असे म्हणून हिने तो विषय आमटीत बुडवला. पुढचे पंधरा दिवस घरात जी शांतता होती, ती आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी वीस वर्षांची मुलगी आहे त्यांना सांगायला नको. शेवटी तोडगा निघाला : मैत्रिणी गळाल्या आणि बाप गळ्यात आला. मी बरोबर जाणार असलो, तर जायला हरकत नाही.

मी पुण्याचा. माझ्या लहानपणी पुण्याला सायकलींचे शहर म्हणत, आणि ते खरेच होते. शाळेत सायकलने, कचेरीत सायकलने, आणि कंदील नसला तर चौकात पोलिसाला चुकवायचे तेही सायकलनेच. त्यामुळे सायकलीतले आपल्याला सगळे कळते, असा माझा समज होता. पण रोज चार मैल सायकल चालवणे निराळे आणि सामान लादून नऊ दिवस रोज साठ-सत्तर किलोमीटर चालवणे निराळे. रोज घरी स्वयंपाक करणाऱ्याला दीडशे पानांचे कार्य एकट्याने उरकायला सांगावे, तसा हा फरक आहे. तो कळेपर्यंत माझे वीस हजार रुपये गेले.

कसे ते सांगतो. मुलगी तरुण, मी साठीच्या उंबरठ्यावर. मागे पडायचे नाही, एवढी एकच गोष्ट डोक्यात धरून मी एका झकपक दुकानात शिरलो. तिथल्या तरुणाने एक सायकल माझ्यापुढे आणली आणि म्हणाला, "काका, एका हातानं उचलून बघा." उचलली. खरोखरच उचलली गेली. सांगाडा अ‍ॅल्युमिनियमचा, पुढचा चिमटा कार्बनचा, वजन साडेनऊ किलो. आपली जुनी काळी सायकल साधारण याच्या दुप्पट भरते. हँडल मेंढ्याच्या शिंगासारखे खाली वळलेले, टायर अंगठ्याएवढे, रंग असा की पाहत राहावे. किंमत सत्तर हजारांच्या घरात. मी विचारले, "हिच्यावर सामान नेता येईल ना?" तो म्हणाला, "सगळ्याच सायकलींवर नेता येतं, काका. हे कॅरिअर सीटच्या दांड्याला आवळलं की झालं." दुकानासमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर मी एक फेरी मारली. तीस वर्षे गळून पडल्यासारखी वाटली. पैसे भरून मोकळा झालो.

२०२४ च्या नोव्हेंबरात आम्ही सरावासाठी पौडवरून मुळशीकडे निघालो. जाताना मी पुढे होतो, आणि ते कन्येच्या लक्षात यावे म्हणून अधूनमधून मागे वळून पाहत होतो. येताना, ऊन कलल्यावर, एका उतारावर खड्डा चुकवताना ते आवळलेले कॅरिअर बारा किलोच्या ओझ्यासकट एका बाजूला फिरले आणि पिशवी चाकात गेली. शर्यतीच्या चाकाला तारा मोजक्याच; मागे चोवीस होत्या, त्यांतल्या चार तटकन तुटल्या. चाक वाकून सांगाड्यात रुतले आणि मी रस्त्याच्या कडेच्या गवतात जाऊन पडलो. कोपर सोलले, बाकी काही झाले नाही. पण मागून येणाऱ्या मुलीचा चेहरा मी पाहिला, आणि त्या क्षणी तीस वर्षे परत येऊन अंगावर बसली.

जवळच्या वस्तीत पंक्चर काढणारा एक कारागीर होता. त्याने चाक फिरवून पाहिले, तुटलेली तार बोटांत धरून पाहिली आणि अत्यंत आदराने सांगितले, "साहेब, असली चपटी तार आपल्याकडं नाय. ही पुण्यालाच न्यावी लागंल." भाताचा पेंढा घेऊन निघालेल्या एका टेम्पोत आम्ही दोघे आणि ती सत्तर हजारांची सायकल असे अंधार पडल्यावर घरी आलो.

वाटेत मी मुलीला म्हटले, "आईला एवढं सगळं सांगायला नको." ती म्हणाली, "बाबा, आज लपवलं तर पुढच्या वेळी ती माझ्यावर विश्वास कसा ठेवील?" यावर मला उत्तर नव्हते. घरी गेल्यावर तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे सांगितले. प्रवास रद्द झाला असेच मी धरून चाललो होतो. ही माझ्या कोपराला हळद लावत होती. लावून झाल्यावर म्हणाली, "आपण कुकर घेतला तेव्हा मी दुकानदाराला पहिल्यांदा काय विचारलं होतं?"

मला आठवले. 'शिट्टी किती वेळात होते' हे मी विचारले होते. हिने विचारले होते, 'ह्याचं रबर कुठं मिळतं?'

"मग सायकलीचं रबर कुठं मिळतं, ते विचारलंत का?"

वाचकहो, लांबच्या प्रवासाची सायकल कशी निवडावी यावर मी नंतर पुष्कळ वाचले. पण या एका प्रश्नापुढे कोणी गेलेले मला आढळले नाही. दुकानासमोरच्या फेरीत सगळ्याच सायकली गुणी असतात, जसे पाहायला जावे त्या दिवशी सगळेच जावई गुणी असतात. प्रवासाची सायकल तिच्या सर्वांत चांगल्या तासावरून निवडायची नसते. तिच्या सर्वांत वाईट तासावरून निवडायची असते. ओझे लादलेले, चढ उभा, ऊन टळटळीत, नाहीतर संध्याकाळ झालेली, काहीतरी तुटलेले आणि पुढचे गाव आठ किलोमीटरवर. त्या तासाला जी उपयोगी पडेल ती आपली.

पहिली सायकल मी वीस हजारांची खोट खाऊन एका शर्यती खेळणाऱ्या मुलाला विकली. त्याच्यापाशी ती अगदी सुखात आहे. सायकल वाईट नव्हती, तिचे काम वेगळे होते. त्यानंतर आम्ही तिघेही दुकाने हिंडलो. हिने जन्मात सायकल चालवलेली नाही. पण तिने विचारलेले प्रश्न ऐकून एका दुकानदाराने माझ्याकडे वळून विचारले, "मॅडम सायकलिंग करतात का?" ते प्रश्न मी इथे क्रमाने देतो.

पहिला प्रश्न : मोडली तर दापोलीत कोण दुरुस्त करील? या प्रश्नाने निम्मी दुकाने गळाली. सांगाडा पोलादी असेल तर तो थोडा जड असतो, पण तडा गेला तर वेळप्रसंगी कोणीही जोडणारा भेटतो. अ‍ॅल्युमिनियमही चांगले, पुष्कळ लोक त्यावर जग फिरतात. मात्र ते तुटले तर जोडणे वाटेवरच्या वेल्डरचे काम नव्हे, कारण जोडलेल्या जागी त्याची ताकद उतरते. कार्बन हलके आणि शर्यतीला उत्तम. पण दगडाचा घाव बसला तर आत काय झाले ते बाहेरून कळत नाही. चाकाचेही तेच. सव्वीस इंची चाकाची ट्यूब खेडोपाडी मिळते, कारण पोरांच्या सायकलींना तीच लागते. नव्या उंच, बारीक चाकांची ट्यूब शहराबाहेर मिळेलच असे नाही. त्यांच्या ट्यूबचे तोंडही बारीक असते. गावच्या पंपाची चिमटी त्यावर बसत नाही. त्यासाठी पितळेचे एक बोंडूक मिळते, ते खिशात टाकून निघावे. किंमत चहापेक्षा फारशी जास्त नाही, आणि ते नसले तर हवेवाचून बसावे लागते.

दुसरा प्रश्न : थांबल्यावर हिचे पाय टेकतात का? दुकानदार गिअर मोजून दाखवतो, पण माप दाखवत नाही. चपला घेताना आपण माप पाहतो आणि सायकल घेताना रंग पाहतो. सांगाडे लहान-मोठ्या मापांत येतात. दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभे राहिले की आडवी दांडी आणि शरीर यांत दोन-तीन बोटे अंतर तरी हवे. सीटची उंची ठरवायची सोपी रीत अशी : सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा आणि पायडल अगदी खाली न्या, पाय नुकता सरळ झाला पाहिजे. मग चालवताना पुढचा चवडा पायडलवर आला की गुडघ्याला आपोआप हवी तेवढी घडी राहते. आपल्याकडे पाय पटकन टेकावेत म्हणून सीट खाली ठेवायची सवय आहे. चार मैलांना ते चालते. साठ किलोमीटरनंतर गुडघे तक्रार करू लागतात, आणि दोष वयाला दिला जातो.

तिसरा प्रश्न : सामान कुठे ठेवणार? पाठीवर नव्हे, हे मी अनुभवाने सांगतो. पाठीवर पाच किलो घेऊन दोन तास गेले की पाठ, खांदे आणि बैठक तिन्ही एकदम बोलू लागतात. ओझे सायकलीने वाहायचे, आपण नाही. त्यासाठी मागच्या चाकाच्या आसाजवळ आणि सीटखाली सांगाड्यालाच कॅरिअरचे स्क्रू बसवायची भोके हवीत. ती माझ्या पहिल्या सायकलीला नव्हती, आणि तिथेच सगळे बिनसले. दुसरे असे की, पायडलपासून मागचे चाक जरा लांब हवे. नाहीतर प्रत्येक फेरीला टाच पिशवीवर आपटते. आणि मागच्या चाकाला छत्तीस तारा हव्यात, निदान बत्तीस, कारण वजनाचा मोठा वाटा त्यावरच पडतो. टायर पस्तीस ते पंचेचाळीस मिलीमीटर रुंद असावेत. बारीक टायर जोरात पळतात हे खरे. पण आपल्याकडच्या खड्ड्यांशी त्यांची ओळख नसते.

चौथा प्रश्न : चढावर दम लागला तर? आता ज्यांनी सागरी रस्ता पाहिला नाही त्यांना वाटते, समुद्राकाठचा रस्ता म्हणजे सपाट असणार. तो सपाट असता तर हा लेख निम्म्यातच संपला असता. हा रस्ता खाडीवर उतरतो, पलीकडे सड्यावर चढतो, पुन्हा दुसऱ्या खाडीवर उतरतो. बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड अशा फेरीबोटींतून सायकल पलीकडे न्यायची, आणि बोटीतून उतरले की समोर चढ उभा.

इथे गिअरची संख्या विचारू नये. एक भागाकार करावा. समोरच्या सर्वांत लहान चक्राचे दाते मोजावेत, मागच्या सर्वांत मोठ्या चक्राचे मोजावेत, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागावे. माझ्या पहिल्या सायकलीवर समोर ३४ आणि मागे २८ दाते होते. भागाकार १.२ आला. म्हणजे पायडलच्या एका फेरीत सायकल अडीच मीटर पुढे जाणार. रिकाम्या सायकलीवर तरुणाला हे ठीक आहे. नंतर घेतलीवर समोर २२ आणि मागे ३२ होते, भागाकार ०.७. एका फेरीत साधारण एक मीटर चाळीस सेंटीमीटर. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर तासाला पाच किलोमीटर. "म्हणजे चालण्याचाच वेग झाला की!" मी नाराजीने म्हणालो. ही म्हणाली, "पण बसून ना?" ओझ्याच्या प्रवासाला भागाकार एकाच्या खाली असावा, एवढे लक्षात ठेवले तरी गुडघे दुवा देतील.

या ठिकाणी वाचक मला दोन दाखले देतील, म्हणून मीच देतो. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासाला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे ७१ हजार किलोमीटर तोडून १९२८ साली परतले. आणि १९६३ साली डर्व्हला मर्फी नावाची एकतीस वर्षांची आयरिश बाई एकटी सायकलने युरोपातून निघाली, ती इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून दिल्लीला पोहोचली. तिच्या सायकलीला गिअर होते; निघण्यापूर्वी तिने ते काढून टाकले! मी हे घरी मोठ्या उत्साहाने सांगितले. "मग आपल्याला एवढे गिअर कशाला?" असे माझे म्हणणे. कन्या म्हणाली, "बाबा, पण तिनं ते का काढले?" कारण त्या रस्त्यांवर ते टिकणार नाहीत, असे तिला वाटले होते. म्हणजे तिनेही आपल्या परीने रबर कुठे मिळते तेच विचारले होते, आणि मिळणार नाही असे दिसल्यावर ती वस्तूच घरी ठेवली होती. तिला गिअरवाचून चढ चढता येत होता किंवा सायकल ढकलता येत होती. आज गिअरची तार आणि चेनची कडी कोणत्याही मोठ्या गावी मिळते, आणि माझे वय एकतीस नाही. प्रश्न तोच; उत्तर ज्याचे त्याचे.

पाचवा प्रश्न : उतारावर थांबते का? ब्रेक दोन तऱ्हांचे असतात. रिमला घासणारे साधे आणि बिनखर्चाचे. पण पावसात आणि चिखलात त्यांची पकड कमी होते. चाकाच्या मधोमध पोलादी तबकडी असलेले डिस्क ब्रेक ओल्यातही चांगले धरतात. त्यांतही तारेवर चालणारे आणि तेलावर चालणारे असे प्रकार आहेत. तेलाचे बोटाला हलके लागतात, पण नळी गळली तर वाटेत कोणी हात लावीत नाही. तारेचे घेतले की तुटलेली तार आपली आपल्याला बदलता येते. आणि चढाला मदत करतात म्हणून पुढच्या चिमट्याला स्प्रिंगा घेऊ नका. त्या चढाला मदत करीत नाहीत. आपण पायडल मारतो त्यातला थोडा जोर त्याच खाऊन बसतात, आणि वजन वाढवतात ते वेगळेच.

सहावा प्रश्न : दिवसभर बसवेल का? दुकानात उशीसारखी मऊ सीट दाबून दाखवतात. ती तासभर बरी लागते; मग हाडे तळाशी जातात आणि घासायला सुरुवात होते. जरा टणक, आपल्या हाडांच्या रुंदीला जुळणारी सीट बरी. ती कोणती, हे कोणी लेखक सांगू शकत नाही. शंभर किलोमीटर चालवूनच ते ठरते. हँडल सरळ असेल तर दोन्ही टोकांना शिंगे बसवून घ्यावीत. तळहात तासन्‌तास एकाच जागी दाबला गेला की करंगळी बधिर होते. जागा बदलायला मिळाली की तिला जाग येते.

इतक्या परीक्षा घेतल्यावर आम्ही काय घेतले? कन्येसाठी नवी, साधी हायब्रिड सायकल : अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा, तिच्या मापाचा, बिनस्प्रिंगचा चिमटा, तारेचे डिस्क ब्रेक, पस्तीसचे टायर. तिच्या ट्यूब वाटेत मिळायच्या नाहीत म्हणून तीन जास्तीच्या घेतल्या. माझ्यासाठी जुन्या सायकलींच्या एका दुकानात, कोण्या गृहस्थांनी कधीकाळी परदेशातून आणलेली एक पोलादी डोंगरी सायकल मिळाली. रंग उडालेला, घंटी नसलेली. बारा हजार रुपये. नवी चाके, टायर, चेन आणि तारा घालून आणखी चौदा. दोन्हींची कॅरिअर हिने पोलादीच घ्यायला लावली. अ‍ॅल्युमिनियमची दिसायला सुबक होती. "खिडकीच्या जाळ्या करणारा प्रत्येक गावात असतो," एवढेच ती म्हणाली.

मग एक शेवटची परीक्षा झाली, ती सायकलींची नव्हे, स्वारांची. आमच्या दिवाणखान्यात वर्तमानपत्रे पसरून हिने दोघांना मागचे चाक काढून, ट्यूब बदलून, पुन्हा बसवायला सांगितले आणि स्वतः घड्याळ घेऊन बसली. कन्येला अकरा मिनिटे लागली. मला लागलेला वेळ छापण्याइतकी जागा इथे नाही. तीन रविवार हाच अभ्यास झाल्यावर परवानगी मिळाली.

प्रवासाचे वर्णन करण्याची ही जागा नव्हे. एकच सांगतो. सहाव्या दिवशी जयगडची बोट सोडून चढ चढलो, सड्यावर आलो आणि कन्येच्या कॅरिअरची एक नळी जोडाजवळ मोडली. ऊन उतरत होते. मला एकदम तो मुळशीचा उतार आठवला आणि पोटात खड्डा पडला. तिच्या मात्र चेहऱ्यावर काही नव्हते. तिने पिशव्या उतरवल्या, चार स्क्रू काढले, कॅरिअर वेगळे केले आणि म्हणाली, "बाबा, मघाशी मागं जाळ्यांचं दुकान दिसलं होतं. मी जाऊन येते." आणि ते कॅरिअर माझ्या जुन्या सायकलीला बांधून ती गेली. मी सड्यावर पिशव्या राखत बसलो. चाळीस मिनिटांनी ती परतली. नळी पातळ होती म्हणून त्या माणसाने वरून लोखंडी सळईचा एक तुकडा जोडून दिला होता. दिसायला अगदी गबाळा. घेतले पन्नास रुपये. तो तुकडा पणजीपर्यंत आला आणि अजूनही तिथेच आहे.

त्या चाळीस मिनिटांत मला एक गोष्ट उमगली. इतके दिवस मी समजत होतो, मी मुलीची सोबत करायला निघालो आहे. सोबत चांगली सायकल करते आणि ती दुरुस्त करता येते हा भरवसा करतो. बाप असला तर पिशव्या राखायला बरा.

घरी आल्यावर हिने ते कॅरिअर हातात घेऊन जोडावरून अंगठा फिरवला. काही बोलली नाही. पण गेल्या महिन्यात कन्येने पुन्हा जेवताना जाहीर केले की, येत्या डिसेंबरात त्याच दोन मैत्रिणींबरोबर पणजीहून पुढे गोकर्णपर्यंत जायचे आहे, तेव्हा हिने डाव खाली ठेवला नाही की आमटीत काही बुडवले नाही. एवढेच विचारले, "त्या दोघींना चाक काढता येतं का?"

येत नव्हते. आता दर रविवारी सकाळी आमच्या दिवाणखान्यात वर्तमानपत्रे पसरलेली असतात, तीन मुली हात काळे करून बसलेल्या असतात आणि ही घड्याळ घेऊन बसते. मला या वेळी कोणी बरोबर बोलावलेले नाही. मात्र माझी पोलादी सायकल मागितली आहे. मैत्रिणींपैकी एकीला ती मापात येते म्हणे. ती द्यायची म्हणून या दिवाळीत, फराळाच्या ताटाशेजारी बसून, मी तिच्या मागच्या चाकाचा आऊट काढतो आहे. आतल्या खोलीतून अधूनमधून आवाज येतो, "अहो, गोकर्णाच्या वाटेवर तिचं रबर मिळतं ना?"

मिळते. मी विचारून ठेवले आहे.